ए३८० चे वायरिंग: विद्युत आराखडा आणि यांत्रिक प्रतिरूप यांच्यातील तुटलेला दुवा

१३ जून २००६ रोजी एअरबस कंपनीने आपल्या ए३८० या दुमजली विमानाच्या वितरणास आणखी सहा ते सात महिने विलंब होईल असे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी तिची मूळ कंपनी असलेल्या ईएडीएसचा शेअर सुमारे २६ टक्क्यांनी कोसळला. विमान तोवर उडू लागले नव्हते असे नाही. २७ एप्रिल २००५ रोजी फ्रान्समधील तुलूझ येथे त्याने पहिले उड्डाण केले होते आणि त्यानंतर वर्षभर त्याच्या चाचण्या चालू होत्या. उडणारे विमान ग्राहकाच्या ताब्यात देता येत नव्हते, याचे मुख्य कारण त्यातील वायरिंग हे होते. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर लांबीचे वायरिंग होते. केबिनच्या वायरिंगच्या संदर्भात ९८,००० वायरी आणि ४०,००० कनेक्टर असा आकडा कंपनीने दिला होता. कारखान्यातून तयार होऊन आलेले हार्नेस, म्हणजे कनेक्टरांसह बांधलेले वायरींचे जुडगे, विमानाच्या धडात बसवायला घेतल्यावर काही ठिकाणी ते ठरलेल्या जागेपर्यंत पोहोचतच नाहीत, असे आढळून आले होते.

या प्रकरणाचे एका वाक्यातील स्पष्टीकरण बहुतेकांनी ऐकलेले असते: जर्मनीतील अभियंते कॅटिया या त्रिमितीय रचनेच्या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरत होते, फ्रान्समधील अभियंते पाचवी वापरत होते आणि दोन्ही आवृत्त्यांचे एकमेकींशी जुळले नाही. हे स्पष्टीकरण खोटे नाही. मात्र ते इतके तोकडे आहे की त्यातून निघणारा उपायही तोकडाच राहतो, म्हणजे सर्वांना एकच आवृत्ती दिली की प्रश्न मिटला असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्रिमितीय आकार एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जात होते. त्या आकारांना जोडलेले नियम, त्यांच्यामागचा विद्युत अर्थ आणि त्यांत होणाऱ्या बदलांची सलग नोंद मात्र त्यांच्यासोबत जात नव्हती. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा विचार केला आहे, कारण विद्युत आराखड्याचे सॉफ्टवेअर आणि यांत्रिक रचनेचे सॉफ्टवेअर यांच्यात प्रकल्पाची माहिती वाटून घेण्याचा प्रश्न जिथे जिथे येतो, तिथे अडचण बहुधा याच जागी असते.

वायर दोनदा आखली जाते

विमानातील कोणतीही वायर दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या अभियंत्यांकडून आखली जाते. विद्युत आराखड्यात तिला क्रमांक असतो, जाडी असते, ती कोणत्या कनेक्टरच्या कितव्या पिनपासून निघून कुठे पोहोचते हे ठरलेले असते आणि ती कोणत्या सुरक्षा गटातील आहे हेही नोंदलेले असते. कारण एकाच कामासाठी ठेवलेल्या मुख्य आणि पर्यायी यंत्रणांच्या वायरी एकाच मार्गाने नेल्या, तर एका बिघाडात दोन्ही जाऊ शकतात. या आराखड्यातील वायरीला लांबी मात्र नसते. कागदावर दोन चौकोनांना जोडणारी रेघ चार सेंटिमीटरची असली, तरी प्रत्यक्षात ती वायर चाळीस मीटरची असू शकते.

यांत्रिक बाजूला चित्र नेमके उलटे असते. विमानाच्या डिजिटल मॉक-अपमध्ये, म्हणजे संगणकातील संपूर्ण त्रिमितीय प्रतिरूपात, वायरींचा जुडगा एका लवचीक नळीसारखा दिसतो. तो धडाच्या कड्यांमधून कुठून जातो, कोणत्या क्लॅम्पवर टेकतो, हवेच्या नळीपासून किती अंतर राखतो आणि कुठे किती त्रिज्येने वळतो हे तिथे ठरते. त्या जुडग्यात नेमक्या कोणत्या वायरी आहेत आणि त्या काय काम करतात, हे त्या नळीच्या आकारावरून कळत नाही. जुडगा किती जाड असेल हे ठरवायचे असेल तर आराखड्यातील वायरींची यादी हवी आणि वायर किती लांब कापायची हे ठरवायचे असेल तर मॉक-अपमधील मार्ग हवा. दोन्ही माहिती एकत्र आली की मगच लांबी हाती लागते.

त्यानंतर हा त्रिमितीय जुडगा सपाट करून त्याचे पूर्ण आकाराचे रेखाचित्र काढले जाते आणि ते हार्नेस बोर्डावर चिकटवले जाते. बोर्डावर खुंट्या ठोकून कामगार त्या रेखाचित्रानुसार वायरी पसरतात, टोके क्रिम्प करतात, म्हणजे धातूच्या टोपणात दाबून पक्की करतात, कनेक्टर बसवतात आणि ठरलेल्या अंतरावर जुडगे बांधतात. बोर्डावरच्या हार्नेसची चाचणी घेतली तर प्रत्येक पिनपासून प्रत्येक पिनपर्यंत वीजप्रवाह व्यवस्थित जातो. चुकलेली लांबी त्या चाचणीत दिसत नाही. ती दिसते ती थेट धडात, आणि तोवर त्याच रेखाचित्रावरून पुढच्या विमानांचेही हार्नेस तयार झालेले असू शकतात.

हॅम्बुर्ग आणि तुलूझ

ए३८० चा प्रकल्प १९ डिसेंबर २००० रोजी अधिकृतपणे सुरू झाला. एअरबस त्या वेळी फ्रेंच, जर्मन, ब्रिटिश आणि स्पॅनिश कंपन्यांचा एक समूह होता. एकसंध कंपनीचे रूप तिला २००१ मध्ये मिळाले. कायद्याने एक झालेल्या या कंपनीची कार्यालये, सवयी, साधने आणि वरिष्ठांच्या निष्ठा मात्र पूर्वीप्रमाणेच देशागणिक वेगळ्या राहिल्या. विमानाचे काम वाटलेलेही त्याच रेषेवर होते. धडाचे पुढचे व मागचे मोठे भाग जर्मनीतील हॅम्बुर्गला, पंख वेल्समधील ब्रॉटनला, शेपटीचे भाग स्पेनमध्ये, तर नाकाचा आणि मधला भाग फ्रान्समध्ये तयार होत असे. हे भाग जहाजाने बोर्दोजवळच्या पोयाक बंदरात, तेथून तराफ्यांवरून गारोन नदीने आणि शेवटी रस्त्याने तुलूझला जुळणीसाठी येत. हॅम्बुर्गच्या भागांतील वायरिंग हॅम्बुर्गलाच बसवून यावे आणि तुलूझला फक्त भागांमधले सांधे जोडावेत, अशी मूळ योजना होती.

कॅटिया हे दासो सिस्तेम या फ्रेंच कंपनीचे सॉफ्टवेअर. त्याची पाचवी आवृत्ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि ती चौथीची सुधारलेली प्रत नव्हती. ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती. चौथी आवृत्ती युनिक्स यंत्रांच्या जगातली, तर पाचवी विंडोजवरही चालणारी होती आणि तिची आतील माहितीची रचनाच निराळी होती. फ्रान्स आणि ब्रिटनमधील केंद्रांनी पाचव्या आवृत्तीकडे जाण्याचा निर्णय घेतला. जर्मनी आणि स्पेनमधील केंद्रे चौथ्या आवृत्तीवर राहिली. जर्मन अभियंत्यांचा चौथीत हात बसलेला होता, प्रकल्पाला घाई होती आणि नवे साधन शिकण्यासाठी लागणारे महिने कोणाच्याच वेळापत्रकात नव्हते, हे लक्षात घेता त्यांचा निर्णय एकट्याने पाहिला तर अगदीच अविचारी वाटत नाही. चार केंद्रांचे निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची जबाबदारी कोणाची होती, हा खरा प्रश्न आहे.

चौथ्या आवृत्तीतील घनाकृती पाचव्यात आणता येते, पण बहुतेक वेळा ती केवळ आकार म्हणून येते. तो आकार कोणत्या मापांवरून आणि कोणत्या क्रमाने घडला, कोणते माप बदलले असता दुसरे काय आपोआप बदलावे, वळणाची किमान त्रिज्या काय असावी यांसारख्या गोष्टी मागेच राहतात. एखाद्या साध्या धातूच्या आधारपट्टीच्या बाबतीत हे खपून जाते. हार्नेसच्या बाबतीत खपत नाही, कारण हार्नेसचा आकार हा मुळातच नियमांचा परिणाम असतो. नियम गेले की उरते ती एक गोठलेली नळी, जी आराखड्यात पाच वायरी वाढल्या तरी जाड होत नाही.

ॲल्युमिनियमचा हिशेब

प्रकरणातील सर्वांत बोलका तपशील वजनाशी निगडित आहे. वजन वाचवण्यासाठी ए३८० मध्ये बऱ्याच ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या वायरी वापरायचे ठरले. ॲल्युमिनियमची घनता तांब्याच्या साधारण तीन-दशांश आहे, परंतु त्याची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६० टक्केच आहे. तेवढाच विद्युतरोध राखायचा तर वायरीचे छेदक्षेत्र साधारण १.६ पट घ्यावे लागते. इतके करूनही वजन जवळपास निम्म्यावर येते, म्हणून व्यवहार फायद्याचा ठरतो. पण वाहकाचा व्यास सुमारे १.२७ पट होतो. शिवाय ॲल्युमिनियम तांब्याइतके वाकवणे सोसत नाही, त्यामुळे वळणांची त्रिज्याही मोठी ठेवावी लागते. जोडणीच्या टोकांचे नियमही वेगळे असतात.

याचा लांबीवर किती परिणाम होऊ शकतो, हे केवळ समजण्यापुरते गणित करून पाहता येईल. समजा तांब्याच्या वायरींचा एक जुडगा ३० मिलिमीटर जाड आहे आणि वायरींच्या वेष्टनाचा फरक बाजूला ठेवला तर ॲल्युमिनियममुळे तो ३८ मिलिमीटर होतो. एखाद्या अडथळ्याला वळसा घालून जाताना त्याची मध्यरेषा ४ मिलिमीटरने बाहेर सरकते आणि काटकोनातील प्रत्येक वळणावर लांबी ६ मिलिमीटरहून थोडी अधिक वाढते. विमानाच्या धडात एका जुडग्याला अशी दहा वळणे सहज येतात, म्हणजे सहा सेंटिमीटर झाले. मोठ्या त्रिज्येचे वळण ठरलेल्या कोपऱ्यात मावत नसेल आणि मार्गच बदलावा लागत असेल, तर हा आकडा त्याहून मोठा होतो. वृत्तांत वारंवार आलेल्या ‘काही सेंटिमीटर आखूड’ या वर्णनामागे कोणाचा तरी हलगर्जीपणा असलाच पाहिजे असे नाही. तांब्यासाठी लिहिलेला नियम ॲल्युमिनियमच्या वायरीला लागला, किंवा नवा नियम एका आवृत्तीत होता आणि दुसरीत पोहोचला नाही, एवढेही पुरेसे आहे.

बाहेरच्या माणसाला इथे साहजिकच वाटते की सहा सेंटिमीटरसाठी एवढा गहजब कशाला, वायर थोडी ओढून घ्यावी किंवा तुकडा जोडावा. ओढलेली वायर पिनवर सतत ताण देते आणि विमानाच्या कंपनात तो ताण वर्षानुवर्षे टिकून राहतो. मध्ये घातलेला प्रत्येक जोड हा बिघाडाची नवी जागा असतो आणि तो कुठे, किती घालता येईल यावर कडक बंधने असतात. जुडग्यातील शेकडो वायरींपैकी मोजक्याच आखूड असल्या तरी बांधलेला जुडगा उसवावा लागतो; तो उसवण्यासाठी क्लॅम्प काढावे लागतात आणि क्लॅम्पपर्यंत पोहोचण्यासाठी त्यावर बसवलेले आवरण व उष्णतारोधक थर उतरवावे लागतात.

बदलांचा लोंढा

सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांची गोष्ट इतकी गाजली की कंपनीने स्वतः दिलेली उरलेली कारणे मागे पडली. केबिनच्या वायरिंगची गुंतागुंत, रचना व उत्पादन एकाच वेळी चालू असणे, प्रत्येक विमान कंपनीच्या मागणीनुसार होणारे बदल, आणि कोणत्या विमानाला रचनेची कोणती अवस्था लागू आहे याचे नियंत्रण सुटणे, ही ती कारणे होती. माझ्या मते यांतील शेवटचे सर्वांत महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच सांगायला सर्वांत कंटाळवाणे आहे.

एखाद्या विमान कंपनीने आसनांची मांडणी बदलली, की आसनागणिक असणाऱ्या पडद्यांच्या, दिव्यांच्या आणि वीजपुरवठ्याच्या वायरी बदलतात. विद्युत आराखड्यात तो बदल एका दिवसात करता येतो. त्यानंतर मॉक-अपमध्ये जुडग्याची जाडी, मार्ग आणि क्लॅम्प पुन्हा तपासावे लागतात, लांबी पुन्हा काढावी लागते, बोर्डाचे रेखाचित्र बदलावे लागते आणि कारखान्यात आधीच सुरू झालेले काम थांबवावे की पूर्ण करून नंतर दुरुस्त करावे हे ठरवावे लागते. आराखडा आणि मॉक-अप यांच्यात आपोआप चालणारा दुवा असेल तर पहिल्या बदलाबरोबर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ‘हे आता जुने झाले’ अशी खूण उमटते. तो दुवा नसेल, तर ही खूण ई-मेल, तक्ते आणि बैठका यांच्या भरवशावर फिरते. शंभर वायरींच्या यंत्रात माणसे हे सांभाळून नेतात. जवळपास एक लाख वायरींच्या विमानात, दोन देशांत, दोन आवृत्त्यांत आणि एकाच वेळी चालू असलेल्या अनेक ग्राहकांच्या मांडण्यांत ते सांभाळणे शक्य नव्हते.

ऑक्टोबर २००६ मध्ये कंपनीने वायरिंगसाठीचा त्रिमितीय डिजिटल मॉक-अप उशिरा वापरात आणला गेला आणि त्यावर काम करणारी माणसे अजून शिकत होती, अशा आशयाची कबुली दिली. ही कबुली मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात साधन निकामी असल्याचा दावा नाही. साधन होते; काम सुरू झाल्यावर ते आले आणि ते वापरणारे हात तयार नव्हते.

किंमत आणि दुरुस्ती

२ जुलै २००६ रोजी एअरबसचे प्रमुख गुस्टाव हुम्बर्ट आणि ईएडीएसचे सहप्रमुख नोएल फोरजार यांनी राजीनामे दिले. हुम्बर्ट यांच्या जागी आलेल्या क्रिस्तियाँ स्त्रेफ यांच्या काळात ३ ऑक्टोबर रोजी तिसरा विलंब जाहीर झाला. एकूण विलंब सुमारे दोन वर्षांवर गेला आणि २०१० पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोची तूट येईल असा अंदाज देण्यात आला. त्यानंतर आठवडाभरातच स्त्रेफ यांनीही पद सोडले व त्यांची जागा लुई गालोआ यांनी घेतली. मालवाहू ए३८० साठी मागणी नोंदवलेल्या फेडेक्सने नोव्हेंबर २००६ मध्ये आणि यूपीएसने २००७ मध्ये माघार घेतली व ते मालवाहू विमान कधीच बनले नाही.

दुरुस्तीची योजना दोन टप्प्यांत आखली गेली. पहिल्या सुमारे २५ विमानांचे भाग आधीच तयार झालेले असल्याने त्यांचे वायरिंग हाताने, विमानात मोजून, काढून आणि पुन्हा बसवून पुरे करायचे ठरले. त्यासाठी हॅम्बुर्गचे एक हजाराहून अधिक कर्मचारी तुलूझला येऊन राहिले. त्यापुढची विमाने सर्व केंद्रांना समान असलेल्या मॉक-अपवरून आणि एकाच प्रकारच्या साधनांनी तयार व्हावीत, असे ठरले. या विभागणीत एक व्यावहारिक शहाणपण आहे: जुन्या माहितीचे संपूर्ण रूपांतर करण्याच्या फंदात न पडता ती तिच्या विमानांबरोबर संपू दिली गेली. पण ते स्वस्त नव्हते. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला १५ ऑक्टोबर २००७ रोजी मिळाले. ऑक्टोबर २००६ च्या योजनेप्रमाणे २००८ मध्ये १३, २००९ मध्ये २५ आणि २०१० मध्ये ४५ विमाने द्यायची होती. प्रत्यक्षात ती अनुक्रमे १२, १० आणि १८ इतकीच दिली गेली. यातील काही भाग २००८ च्या आर्थिक संकटाच्या नावे टाकावा लागेल, तरी हाताने वायरिंग केलेल्या विमानांचा वेग वाढवणे किती कठीण होते हे या आकड्यांत दिसते.

माहितीच्या देवाणघेवाणीसाठी तटस्थ स्वरूप, म्हणजे कोणत्याही एका सॉफ्टवेअरशी बांधलेले नसलेले फाइलचे स्वरूप, वापरता आले असते का, हा प्रश्न या प्रकरणाच्या चर्चेत हमखास येतो. स्टेप या आंतरराष्ट्रीय मानकात विद्युत रचनेसाठी एपी२१२ हा भाग आहे, आणि त्याच्या आधारे जर्मन वाहन उद्योगाने हार्नेसच्या वर्णनासाठी केबीएल हे स्वरूप घडवले. पुढे व्हीईसी हे अधिक व्यापक स्वरूप आले. वायर, पिन, जुडग्याचे भाग आणि त्यांच्या लांब्या यांतील नाते अशा स्वरूपात टिकते, म्हणून केवळ आकार पाठवण्यापेक्षा ते कितीतरी बरे. चाकण किंवा रांजणगाव येथील वाहन कारखान्यांना हार्नेस पुरवणाऱ्यांना आणि पुण्यात दासो सिस्तेमच्या विकास केंद्रात काम करणाऱ्यांना हा विषय परका नाही. मात्र अशी फाइल ठरावीक क्षणाचे चित्र देते. ती पाठवल्यानंतर आराखड्यात झालेला बदल कोणी, केव्हा आणि कोणत्या क्रमांकाच्या विमानापासून लागू करायचा, याचा निर्णय फाइलमध्ये नसतो. तो प्रकल्पाच्या नियंत्रणात असावा लागतो. ए३८० मध्ये हेच नियंत्रण नसल्याने, परिपूर्ण तटस्थ स्वरूप हाती असते तरी बरेचसे आखूड हार्नेस तयार झालेच असते, असे मला वाटते.

पुढच्या ए३५० विमानासाठी एअरबसने सर्व केंद्रांना आणि मोठ्या पुरवठादारांना एकाच मॉक-अपवर, एकाच आवृत्तीवर काम करायला लावले. त्याहून कमी बोलला गेलेला बदल विक्रीच्या बाजूने झाला. केबिनच्या रचनेत विमान कंपन्यांना पूर्वीसारखी मोकळीक न देता आधीच अभियांत्रिकी पूर्ण केलेल्या पर्यायांची यादी पुढे ठेवण्यात आली, म्हणजे विद्युत आराखड्यात वायर बदलण्याची वेळ किती वेळा यावी, यावरच मर्यादा घालण्यात आली. ए३५० चे पहिले विमान २२ डिसेंबर २०१४ रोजी कतार एअरवेजला देण्यात आले; नंतरच्या दोन वर्षांत त्याची वितरणे रखडली, ती मुख्यतः पुरवठादारांकडून वेळेवर न आलेल्या आसनांमुळे आणि शौचालयांच्या जुळण्यांमुळे.